क्लबच्या मीटिंगमध्ये पाहुणा वक्ता आधी की कामकाज आधी? (सोलापूर)

बाळीवेसकर

नमस्कार मंडळी, ज्यांनी क्लबात काम केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा, घाई नाही.

आमचा सोलापुरातला एक सर्व्हिस क्लब आहे, नाव इथं लिहीत नाही. १ जुलैपासून नवीन टीम येतीय आणि माझ्याकडं प्रोग्राम कमिटी आलीय, म्हणजे वर्षभराचे पाहुणे वक्ते शोधायचे, विषय ठरवायचा, त्यांना आणायचं-सोडायचं आणि मीटिंग वेळेत बसवायची. मीटिंग दर आठवड्याला संध्याकाळी साडेसातला. आता होतंय काय, साडेसातची मीटिंग आठला चालू होते, मग दीपप्रज्वलन, मग वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस, मग सेक्रेटरी रिपोर्ट, मग मागच्या प्रोजेक्टचे फोटो, मग कुणाच्या मुलाला मेडिकलला ॲडमिशन मिळाली त्याचा सत्कार, आणि एवढं झाल्यावर कुणीतरी उठून रक्तदान शिबिराच्या बॅनरवर कुणाचं नाव वर असावं हा विषय काढतो आणि तिथंच वीस मिनिटं जातात. पाहुणा तोपर्यंत स्टेजवर बुके मांडीवर घेऊन बसलेला.

मागच्या वर्षी मंगळवेढ्याकडचे एक ज्वारीचे शेतकरी बोलावले होते. वयस्कर माणूस, मालदांडीची कणसं पिशवीत घालून आणलेली, दाणा कसा ओळखायचा, पावसाची ओल जमिनीत कशी धरून ठेवायची, कडबा का महाग झाला, सगळं दाखवून सांगणार होते. त्यांच्या हातात माईक आला सव्वानऊला. मागं कॅटररची भांडी वाजायला लागलेली, निम्मी माणसं मोबाईलमध्ये. त्यांनी दहा मिनिटात आवरलं आणि एसटी चुकेल म्हणून न जेवता गेले. कणसं टेबलावर तशीच राहिली. मला ते फार लागलं. आपण माणसाला एवढ्या लांबून बोलावतो आणि त्याचं ऐकतच नाही, हे बरोबर नाही.

तर विचारायचं असं की पाहुण्याला आधी बोलू द्यावं का कामकाज आधी उरकावं? का कामकाज मीटिंगमधून काढूनच टाकावं? आणि दुसरं म्हणजे वक्ते कुठून आणता तुम्ही, कारण आमच्याकडं फिरून फिरून तेच ते चेहरे येतात आणि बऱ्याचदा विषय 'यशाची गुरुकिल्ली' टाईपचाच असतो.

---

सातरस्ता_काका

बाळीवेसकर, प्रश्न अगदी बरोबर जागेवर बोट ठेवणारा आहे. मी रोटरीत बरीच वर्षं आहे, सेक्रेटरी झालो, प्रेसिडेंटही झालो, त्यामुळं दोन्ही बाजू बघितल्यात.

पहिली गोष्ट, दर आठवड्याला मीटिंग घेतलीच पाहिजे ही सक्ती आता राहिलेली नाही. रोटरीत २०१६ च्या कौन्सिल ऑन लेजिस्लेशनमध्ये, म्हणजे नियम ठरवणाऱ्या सभेत, तो नियम सैल झाला, महिन्यातून निदान दोन मीटिंगा झाल्या तरी चालतं, बाकी क्लबनं आपापलं ठरवायचं. तुमचा क्लब दुसऱ्या संस्थेचा असला तर तुमची घटना उघडून बघा, पण बहुतेक ठिकाणी आता अशी मोकळीक आहे. ही मोकळीक वापरा. आम्ही असं केलं की महिन्यातल्या दोन मीटिंगा पाहुण्याच्या, एक निव्वळ कामकाजाची, आणि एखादी फेलोशिपची, म्हणजे नुसती गप्पा-जेवणाची, घरच्या मंडळींसकट. पाहुण्याच्या मीटिंगला कामकाज म्हणजे फक्त अनाउन्समेंट, तीही सेक्रेटरीनं आधी लिहून आणलेली, पाच मिनिटांच्या वर नाही. चर्चा करायची असेल तर "हा विषय कामकाजाच्या मीटिंगला घेऊ" एवढंच म्हणायचं आणि प्रेसिडेंटनं घंटा वाजवायची. हे म्हणायला प्रेसिडेंट खंबीर लागतो. ज्येष्ठ मेंबर उठला की सगळे गप्प बसतात, तिथंच वेळ जातो.

सत्कार बंद करू नका, माणसं दुखावतात. पण ते पाहुणा यायच्या आधी उरका किंवा जेवताना. आम्ही वाढदिवस जेवणाच्या टेबलावर घ्यायला लागलो, उलट जास्त मजा येते, टाळ्या वाजवून लोक लगेच गुलाबजाम घेतात.

परिचय ही दुसरी जागा जिथं वेळ गळतो. पाहुण्याचा चार पानी बायोडाटा जसाच्या तसा वाचून दाखवायची पद्धत आहे आपल्याकडं, शाळेपासून पुरस्कारांपर्यंत. मी तर सांगेन की परिचय करून देणाऱ्यानं आदल्या दिवशी पाहुण्याला फोन करावा, दहा मिनिटं बोलावं, आणि मग दोनच गोष्टी सांगाव्या: हा माणूस काय काम करतो आणि आज आपण त्याच्याकडून काय ऐकणार. बाकीचं व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका.

आणि पाहुण्याला यायची वेळ साडेसात सांगू नका. मीटिंग साडेसातला असेल तर त्याला पावणेआठ सांगा, कुणीतरी घरून घेऊन या, आल्याबरोबर चहा, आणि आठला माईक हातात. सव्वानऊला माईक मिळणं हा त्या शेतकऱ्याचा अपमानच झाला, तुम्हाला लागलं ते योग्यच आहे.

---

होटगीरोड_२

जेवण आधी ठेवा. पोटात काही नसलं की आठनंतर कुणीच काही ऐकत नाही, अनुभवाचं सांगतोय. निदान चहा आणि कडक भाकरी-शेंगाचटणीचा चुरा तरी द्या सुरुवातीला.

---

यंत्रमागवाला

काकांच्या बऱ्याच गोष्टी पटल्या पण एका गोष्टीला माझा ठाम विरोध आहे. कामकाज मीटिंगमधून काढायचं म्हणजे ते जातं कुठं? जातं बोर्डात. बोर्डात बसणार पाच-सात जण, त्यातले दोघं बोलणार, आणि बाकीच्या मेंबरांना ठरलेलं व्हॉट्सॲपवर कळणार. मग वर्षाच्या शेवटी आपणच म्हणतो की मेंबर ॲक्टिव्ह नाहीत, नुसते जेवायला येतात. कशाला येतील दुसऱ्या कशाला, त्यांना विचारलंय कुणी?

आमच्या क्लबात काय झालं ते सांगतो. एका झेडपी शाळेला पाणी शुद्ध करायचा आरओ प्लांट द्यायचं ठरलं, सगळं बोर्डातच. पैसे गोळा झाले, उद्घाटन झालं, फोटो पेपरला आले. सहा महिन्यांनी बघायला गेलो तर प्लांट बंद. फिल्टर बदलायचा खर्च कुणी करायचा, वीजबिल शाळेनं भरायचं का ग्रामपंचायतीनं, बोअरच्या पाण्यात क्षार किती, यातलं काहीच आधी ठरलेलं नव्हतं. आणि आमच्याच क्लबात एक मेंबर आहेत त्यांचा धंदाच पंप आणि फिल्टरचा आहे, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं कारण ते बोर्डावर नाहीत. भर मीटिंगमध्ये विषय निघाला असता तर तो माणूस पाच मिनिटात सांगू शकला असता की इथं आरओ नको, दुसरं काहीतरी करा. पोरं अजून घरून बाटली आणतायत.

म्हणून माझं म्हणणं असं की कामकाज सगळ्यांसमोर झालंच पाहिजे, हिशेब तर झालाच पाहिजे. बॅनरवरचं नाव हे कामकाज नाहीच, ते काढून टाका खुशाल. पण पैसा कुठं जातोय आणि पुढचं काम कुठलं घ्यायचं हे काढू नका. पाहुणा महत्त्वाचा आहे, मान्य, पण पाहुणा ऐकून आपण करणार काय हे जर ठरतच नसेल तर नुसतं भाषण ऐकायला यूट्यूब आहे की.

---

सातरस्ता_काका

यंत्रमागवाले, तुमचा मुद्दा मी मानतो आणि म्हणूनच वेगळी कामकाजाची मीटिंग म्हणालो, बोर्डाची नाही. सगळ्या मेंबरांची. बोर्डाच्या मीटिंगचे मिनिट्ससुद्धा सगळ्या मेंबरांना मिळाले पाहिजेत असं रोटरीत क्लबच्या घटनेतच आहे, आणि ३१ डिसेंबरच्या आत वार्षिक सभा घेऊन पुढचे पदाधिकारी निवडायचे, त्यात चालू वर्षाचा अर्धा हिशेबही ठेवायचा. हे नियम मेंबरांच्या बाजूनं केलेले आहेत, पण कुणी मागतच नाही. मागा तुम्ही.

अडचण एवढीच की नुसत्या कामकाजाच्या मीटिंगला माणसं कमी येतात. त्यावर आम्हाला सापडलेला उपाय म्हणजे त्या मीटिंगला खरा निर्णय ठेवायचा. तीन शाळांची नावं समोर, तिघांच्या मुख्याध्यापकांनी काय मागितलंय ते कागदावर, आपल्याकडं एवढे एवढे पैसे आहेत, हात वर करा. लोक भांडतात, पण येतात. ज्यानं हात वर केला तो मग शाळेत कामालाही येतो. आणि तुमच्या त्या पंपवाल्या मेंबरासारख्याला आधीच सांगून ठेवायचं की बाबा रे या विषयावर तू बोल.

---

डॉ_रेल्वेलाईन्स

मी दुसऱ्या बाजूची, म्हणजे ज्यांना बोलावतात त्यांच्यातली. फिजिशियन आहे, शहरातल्या बऱ्याच क्लबांत जाऊन आले, म्हणून थोडं स्पष्ट लिहिते, राग मानू नका.

पहिलं, विषय आम्हाला विचारा. फोन येतो तो "मॅडम, डायबेटिसवर बोला" किंवा "हार्ट अटॅक कसा टाळावा". हे महत्त्वाचं आहेच, पण मी जे रोज बघते त्यावर मला कुणी विचारत नाही. शहराच्या पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बायका माझ्याकडं येतात, तंबाखूच्या धुळीनं खोकला, दिवसभर एका जागी बसून पाठ आणि मान धरलेली, अंगात रक्त कमी. त्यांच्या घराघरात मी गेलेय. यावर वीस मिनिटं बोलायला मिळाली तर क्लबला वर्षभराचं काम सापडेल. बोलावणाऱ्याला आपल्याला काय ऐकायचंय हे माहीत असतं, पण आमच्याकडं सांगण्यासारखं काय आहे हे त्यानं विचारायला पाहिजे.

दुसरं, समोर कोण असणार ते सांगा. फक्त मेंबर आहेत का घरची मंडळी आहेत का कॉलेजची पोरं आहेत, त्यावर सगळं बदलतं. प्रोजेक्टर आहे का नाही तेही आधी. पीपीटी करायला माझा अख्खा रविवार जातो आणि तिथं गेल्यावर वायर नाही म्हणून सांगतात.

तिसरं म्हणजे वेळ. मला पंचवीस मिनिटं सांगितली असतील तर पंचवीस द्या, नाहीतर सरळ दहा सांगा, मी दहाची तयारी करून येईन. आयत्या वेळी कानात येऊन "मॅडम जरा शॉर्टमध्ये" हे फार वाईट वाटतं. माझे पेशंट थांबलेले असतात, मी दवाखाना लवकर बंद करून आलेली असते.

प्रश्नांना वेळ ठेवा. भाषणापेक्षा प्रश्नातच खरं बोलणं होतं, पण पहिला प्रश्न कुणी विचारत नाही म्हणून तेवढ्यात आभार सुरू होतात. दोन मेंबरांना आधीच सांगून ठेवा की तुम्ही विचारा.

आणि मोमेंटो नको हो. घरी कपाटात जागा नाही. त्याऐवजी महिन्याभरानं एक मेसेज करा की मॅडम, तुम्ही बोललात त्यानंतर आम्ही असं असं केलं. असा मेसेज मला आजवर मिळालेला नाही, आणि तो मिळाला तर मी त्या क्लबात कधीही बोलावलं तरी जाईन.

---

यंत्रमागवाला

डॉक्टर, हे विडी कामगारांचं आमच्या क्लबात येऊन बोला. खरंच सांगतोय. वेळ तुम्ही म्हणाल ती.

---

भुईकोट_वाचक

वक्ते कुठून आणायचे यावर कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून लिहितो, हा माझ्या आवडीचा विषय आहे.

पुण्या-मुंबईहून आणायचा हट्ट सोडा. पुण्याचा माणूस आणायचा तर हुतात्मा एक्स्प्रेस रात्री उशिरा पोचते, म्हणजे तो तुमच्या साडेसातच्या मीटिंगला त्या गाडीनं येऊच शकत नाही, त्याला दुपारी यावं लागतं, मग मुक्काम, हॉटेल, सकाळी परत सोडायला कुणीतरी पहाटे उठणार. एवढा खर्च करून तो जे सांगतो ते बऱ्याचदा कुठंही ऐकायला मिळतं. सोलापुरात जे आहे ते दुसरीकडं नाही.

केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आयसीएआरचं म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेचं. आपल्या जिल्ह्यातला डाळिंबवाला शेतकरी तेल्या रोगानं गांजलेला आणि त्यावर काम करणारे शास्त्रज्ञ आपल्या शहराच्या शिवेवर बसलेत, किती क्लबांनी बोलावलं त्यांना? नान्नजला माळढोक अभयारण्य आहे, माळढोक आता दिसणंच अवघड झालंय पण माळरान म्हणजे ओसाड जमीन नाही, त्यावर काळवीट, लांडगे, किती पक्षी जगतात हे वनखात्याचा माणूस किंवा आपल्याकडचे पक्षीनिरीक्षक इतकं सुंदर सांगतात की ऐकत राहावं. पाण्यावर तर बोलायलाच नको, उजनी उशाला असून आपल्या नळाला रोज पाणी येत नाही, ते का, समांतर जलवाहिनी म्हणजे नेमकं काय, हे महापालिकेच्या पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरला नकाशा घेऊन बोलवा. रोटरीत मार्च महिना पाणी आणि स्वच्छतेचा असतो, तेव्हा हाच विषय ठेवा. भाषण नको, नकाशा आणि प्रश्न.

२४ ऑक्टोबरला जागतिक पोलिओ दिन असतो. त्या दिवशी पोलिओवर क्लबचाच मोठा पदाधिकारी बोलतो दरवेळी. त्यापेक्षा एखाद्या अंगणवाडी ताईला किंवा आशा ताईला बोलवा ना. १९९५ पासून पल्स पोलिओ चालू झालं, २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला, या मधल्या वर्षांत बर्फाची पेटी खांद्याला अडकवून दारोदार कोण फिरलं? त्याच बायका. दार न उघडणाऱ्या घरात त्यांनी कसं समजावलं हे त्यांच्या तोंडून ऐका.

१२ जानेवारी विसरू नका. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, या चौघांना १९३१ साली त्या दिवशी येरवड्याला फाशी दिली. त्यांच्या चार पुतळ्यांवरून आपण रोज जातो पण १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ का लागला हे आपल्या पोरांना सांगता येत नाही. इतिहासाचे प्राध्यापक आपल्या विद्यापीठात आणि कॉलेजात आहेत, त्यांना बोलवा आणि त्या दिवशी मुलांना सोबत आणा. तसंच १० ऑक्टोबरला डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा जन्मदिवस, १९१० सालचा, सोलापुरातलाच. चीनमध्ये युद्धात जखमींची सेवा करता करता १९४२ साली गेले, वय अवघं बत्तीस. क्लबात एवढे डॉक्टर आहेत, त्यातल्याच एकानं तयारी करून बोलावं.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्यांना भाषण करता येत नाही अशी माणसं आणा. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणायच्या मागावर, आयुष्य काढलेला चादरीचा कारागीर, त्याला हातात माईक दिला तर तो घाबरेल, शिवाय कित्येकांना तेलुगूच जास्त सोपं पडतं. तिथं भाषण ठेवूच नका, मुलाखत ठेवा. तेलुगू येणारा एक मेंबर शेजारी बसवा, तो विचारेल, मामा उत्तर देतील, तो मराठीत सांगेल. चादरीतला मोर किंवा फूल आधी कागदावरच्या चौकटीत कसं काढतात, मग पंचकार्डाला भोकं कशी पाडतात, एक कार्ड चुकलं तर काय होतं, हे ते इतकं बारकाईनं सांगतात. आणि जमलं तर मीटिंगच कारखान्यात घ्या, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. रोटरी सुरू करणाऱ्या पॉल हॅरिसनं १९०५ साली शिकागोत पहिली मीटिंग घेतली तीसुद्धा एका मेंबरच्या ऑफिसातच. माग चालू असताना तिथं कुणाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून सुट्टीच्या पाळीत जा, आधी मालकाला विचारून.

---

होटगीरोड_२

भुईकोट, भारी लिहिलंत. एक विचारतो, मार्केटिंगवाले वक्ते कसे टाळायचे? आमच्याकडं 'आर्थिक नियोजन' म्हणून एक जण आले आणि शेवटी सगळ्यांना पॉलिसीचे फॉर्म वाटले. निवडणुकीच्या आधी तर विचारूच नका.

---

सातरस्ता_काका

आधी लेखी सांगायचं. आमच्या निमंत्रणाच्या पत्रातच एक ओळ असते की कुठल्याही वस्तूची, योजनेची किंवा पक्षाची जाहिरात होणार नाही, व्हिजिटिंग कार्ड वाटायचं असेल तर जेवणाच्या वेळी. ज्याला पटत नाही तो स्वतःच नाही म्हणतो. मेंबर आपल्या धंद्याबद्दल बोलणार असेल तर ते मात्र वेगळं, तशी मीटिंग मुद्दाम ठेवावी, आपल्याच शेजारी बसणारा माणूस काय करतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. यंत्रमागवाल्यांच्या पंपवाल्या मेंबराचं तेच झालं.

---

बाळीवेसकर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आज आमच्या होणाऱ्या प्रेसिडेंटशी बोललो. ठरलं ते असं: महिन्यात दोन मीटिंगा पाहुण्याच्या, एक सगळ्यांच्या कामकाजाची आणि तिच्यात दर वेळी निदान एक निर्णय मतानं. हिशेबाचा कागद त्या मीटिंगला प्रत्येकाच्या हातात. वाढदिवस जेवताना. बॅनरचा विषय सेक्रेटरीवर सोपवला, चर्चा नाही. पहिला पाहुणा म्हणून त्या मंगळवेढ्याच्या काकांनाच परत बोलवायचं मी म्हणालो, प्रेसिडेंट लगेच हो म्हणाले, आणि यावेळी गाडी पाठवून, परत सोडायलाही गाडी.

आता पहिल्या महिन्यात कलेक्टर ऑफिस किंवा झेडपीमधले कुणी मोठे अधिकारी पदग्रहणाला आणावेत असं काही जणांचं म्हणणं आहे. तारीख कुठली धरू?

---

भुईकोट_वाचक

आधी आषाढीची तारीख बघा. आषाढी जून-जुलैत येते आणि त्या आधीचे पंधरा दिवस कलेक्टर, एसपी, झेडपी, आरोग्य खातं, सगळं पंढरपुरात असतं. हो म्हणाले तरी ऐनवेळी येता येत नाही, त्यांचाही नाइलाज असतो. काला होऊन दिंड्या परतल्या की मगच तारीख मागा. कार्तिकीलाही तेच, आणि जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसात मेंबरच येत नाहीत, तेव्हा १२ जानेवारीचा कार्यक्रम संध्याकाळऐवजी सकाळी शाळेत ठेवा, तिथं मुलं आयती सापडतील. मंगळवेढ्याच्या काकांना मात्र हुरड्याच्या आधी बोलवा, एकदा रानात काम लागलं की ते यायचे नाहीत.

---

डॉ_रेल्वेलाईन्स

यंत्रमागवाले, मेसेज केलाय तुम्हाला. गुरुवार सोडून कुठलाही वार चालेल, आणि शक्य असेल तर माझ्यासोबत दोन विडी कामगार बायकांनाही बोलवा, त्या स्वतः सांगतील. त्यांची त्या दिवशीची मजुरी बुडेल, तेवढी क्लबनं द्यावी ही विनंती.